मूठ जड का लागत होती

बाबा, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होतील, आणि अजूनही रस्त्यावर एखाद्या मोटरसायकलचा आवाज एकदम बंद पडला की मी हातातलं काम टाकून उठतो. कोणी पोरगं भाजी घ्यायला थांबलेलं असतं, एवढंच. तरी मी दारापर्यंत जाऊन बघून येतो. घरचे हसतात, म्हातारा गाड्यांतच जन्मला म्हणतात. मला भीती वाटते हे त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हालाही कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

तुमची ती मोटरसायकल आपण अमरावतीच्या घराच्या अंगणात बांधली, ते साल बासष्टच्या आसपासचं. तुम्ही पंचेचाळिशीचे, जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर. मी तेवीसचा, बस डेपोच्या वर्कशॉपात फिटर. जत्रांच्या दिवसांत तुम्ही रजा टाकून मौतका कुवा खेळायला जायचात. लाकडी फळ्यांचा गोल हौद, दोन पुरुष उंच. त्याच्या उभ्या भिंतीवर गाडी फिरवायची आणि वरून लोक वाकून बघणार. जुनी जड गाडी निकामी झाली तेव्हा अकोल्याच्या भंगारवाल्याकडून तुम्ही दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची एक हलकी, सव्वाशे सीसीची गाडी सुटी करून आणलीत, पोत्यांत भरून, बसच्या टपावर टाकून. आपण मडगार्ड काढले, दिवा काढला, सायलेन्सर कापला. तुम्ही पुढचा ब्रेकही काढायला लागलात तेव्हा मला राहवेना. "बाबा, हा तरी राहू द्या," म्हणालो. तुम्ही मान वर केली नाहीत. "भिंतीवर पुढचं चाक अडलं तं मी कुठं जाईन? रस्त्याची अक्कल कुव्यात नाई चालत. ते शायनपन तुह्या डेपोत ठेव." शेजारचे दोघे कुंपणाशी उभे होते, ते हसले. तुमचं बरोबर होतं. पण त्या दिवसानंतर मी तुम्हाला त्या गाडीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. माझा राग हा असाच, मुक्याचा.

त्याच महिन्यात मोर्शीकडच्या एका जत्रेतली बातमी आली. दुसऱ्या कोणा खेळवाल्याच्या गाडीचा गॅस, म्हणजे वेग देणारी उजवी मूठ, पूर्ण उघडा राहून अडकला, गाडी काठावरून उडून बाहेर पडली आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस गेला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि जेवायला बसलात. तुमच्याशी बोलून उपयोग नसतो हे मायला लग्नापासून ठाऊक होतं. ती दुसऱ्या दिवशी चुलीपुढे भाकरी थापताना माझ्याशी बोलली. "गाडी तू बांधून राह्यला नं? मंग त्याईले काई झालं तं मी तुलेच इचारीन." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी अर्ध्या जेवणातून उठलो.

गॅसची स्प्रिंग तुम्ही कापून आखूड केली होती आणि मुठीचा स्क्रू आवळला होता. हात सोडला तरी मूठ जिथल्या तिथे राहायची. मला ते बघवायचं नाही. डेपोत आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं होतं : काहीही बिघडो, गॅस आपोआप परत आला पाहिजे, गाडी थांबली पाहिजे. थांबलेली गाडी कोणाला मारत नाही. तुम्ही स्प्रिंग का कापली हे तुम्हाला विचारायला हवं होतं. पुन्हा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. परतवाड्याकडच्या जत्रेत, तुम्ही तंबूत जेवत होतात तेवढ्यात मी कार्बोरेटरची टोपी उघडून अख्खी, ताकदीची स्प्रिंग बसवली आणि तुमची कापलेली खिशात टाकली. दोन मिनिटांचं काम. मनाला वाटत होतं की मी तुम्हाला वाचवतोय.

गाडीवर बसून तुम्ही मूठ फिरवून पाहिलीत. "काहून रे, मूठ जड लागून राह्यली?"

"नवं ग्रीस हाय बाबा. बसंल मंग."

हे मी बोललो. तुम्ही मान डोलावलीत, कारण माझ्या हातावर तुमचा विश्वास होता.

मी वर काठाशी, लोकांत उभा आहे. तुम्ही खालून फेरे घेत वर चढताय, फळ्या खडखडतायत. दोन फेरे, चार फेरे, सगळं नीट. मग तुम्ही दोन्ही हात सोडता, काठावरून कोणीतरी पुढे केलेला रुमाल घ्यायला. आणि आवाज उतरायला लागतो. मूठ आपली आपण परत जाते आहे. भिंतीवर गाडीला धरून ठेवणारा फक्त वेग असतो, हे मला त्या क्षणी कळलं. कापलेली स्प्रिंग का, तेही कळलं. थांबलेली गाडी तुम्हाला मारायला निघाली होती. तुमचा हात मुठीकडे गेला, पण गाडी घसरली होती.

मांडीचं हाड मोडलं. जवळच्या अचलपूरहून अमरावतीच्या दवाखान्यात आणलं, तीन महिने खाटेवर होतात. पाय थोडा आखूड राहिला आणि कुवा सुटला तो कायमचा. भेटायला येईल त्याला तुम्ही उजवा हात उलटापालटा करून दाखवायचात. "वय झालं. माह्याच हातानं दगा देला." चोराच्या मनात चांदणं. कोणी नुसता गाडीचा विषय काढला तरी मी पाणी आणायच्या निमित्ताने उठायचो. तुम्ही एक दिवस ती गाडी उघडाल, काहीतरी ओळखाल, या भीतीने मला महिनोन्महिने झोप नव्हती. तुम्ही ती न उघडताच भंगारात दिलीत. तुम्हाला तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि मला हायसं वाटलं. तुम्ही पुन्हा भिंतीवर चढणार नाही याचाही मला आनंद झाला होता, बाबा. मायलाही झाला होता. पण तिचा आनंद स्वच्छ होता.

आणि तुम्ही मला शाबासकी द्यायचात. माझ्या लग्नात व्याह्यांसमोर, पुढे डेपोतल्या साहेबांसमोर, शेवटच्या आजारपणात डॉक्टरांसमोरसुद्धा. "मी पडलो तवा सारे माह्याकडं धावले. हा एकटा गाडीकडं धावला. आंदी पेट्रोल बंद केलं यानं, नाई तं तिथंच भडका उडाला असता. याले म्हंतात मेकॅनिक." मी खाली बघायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

हा कागद मी कुठे पाठवणार? घडी घालून कपड्यांखाली ठेवून देईन. पण एवढं लिहितो. तुम्ही तळाशी माझं नाव घेऊन हाका मारत होतात, मला ऐकू येत होतं. मी तुमच्याकडे पाठ करून गाडीशी बसलो होतो, खिशातली तुमची कापलेली स्प्रिंग परत बसवत. पेट्रोलला मी हातसुद्धा लावला नव्हता.