पहिले आपलं माणूस पाठव

जानेफळ, १४ एप्रिल २०२१

चि. दीपमालास आईचा जयभीम व उदंड आशीर्वाद.

आज जयंती. मिरवणूक नाही, घरातच मेणबत्ती लावली. तुहा मोबाईल वार्डात नेऊ देत नाहीत म्हणते अँबुलन्सचा डायवर गोकुळ, म्हणून त्याच्याच संगं चिठ्ठी देऊन राह्यली. जेवते का वं? पहिलेच काडी, आता नर्सबाईलेच सलाईन लावा लागंन!

आशाताई म्हणून दारोदार ताप मोजत फिरते, तर मले पाहून लोकं कडी लावतेत. आपल्या गल्लीतले चार जण मीच समजावून सेंटरले पाठवले, एकही वापस आला नाही. शेजारची रेणुका तोंडावर म्हणाली, पहिले आपलं माणूस पाठव. मी म्हटलं, माही पोरगी तठी नर्स हाये. रेणुका म्हणे, मंग तर भेवाचं कामच नाही, पाठव.

माया असू दे.
तुही आई, बनाबाई

कोविड सेंटर, १६ एप्रिल

आदरणीय आईस सप्रेम जयभीम. वि. वि.

चौतीस पेशंट अन् आम्ही दोघी. हातमोज्यानं हाताचं कातडं निघालं. एकाले पाणी पाजा, तवर दुसरा गेलेला असते. नातेवाईकाले कळवाचं काम माह्याकडंच. पहिले रडू ये, आता येत नाही, याचंच भेव वाटते. मंजुश्री सिस्टर काल उभ्या उभ्या पडली, उठून पुन्हा ड्युटीले लागली.

ज्याले दम लागला त्यालेच पाठव. अन् हात जोडते, लोकं काहीबी म्हणू दे, बाबाले पाठवू नको. साधा ताप घेऊन येणाराही अठी बिमारी घेते, अन् ऑक्सिजन पुरत नाही.

लोभ कमी करू नको.
दीपमाला

जानेफळ, २० एप्रिल

चि. दीपमालास आशीर्वाद.

काय सांगू माय! सतराले तुह्या बाबाले एक दिवसाचा ताप आला. तेच म्हणाले, आशाताईचा नवराच भ्याला तर गाव काऊन येईन? पंजाबरावाची जिद तुले माहीत हाये. गोकुळनं तुही चिठ्ठी हातात देली, पण चष्मा घरात. त्यायले बसवून देलं, गाडी गेली, मंग वाचली. तवापासून घास उतरत नाही.

पण त्यायले पाहून गाव हाललं. आज तापाचे आठ जण आपल्या पायानं गाडीत बसले, रेणुकाही. ही चिठ्ठी त्यायच्याच संगं. पंजाबराव कसे हायेत म्हणून सारे विचारत होते. मी म्हटलं, बरे हायेत. खोटं तं नाही बोलली ना मी?

बाबाले म्हण, चादर घेत जा. उत्तराची वाट पाह्यते.
आई

कोविड सेंटर, २१ एप्रिल

आईस जयभीम.

ऑफिसातून तुले फोन येणार होता, मी करू नाही देला. मीच सांगते. बाबा काल सकाळी गेले.

सिलिंडर एकच होतं, बाजूच्या खाटेवर चालू. ते काढून बाबाले लावावं असं मनात आलं होतं, आई. बाबाले कळलं, हातानंच राहू दे म्हणाले. नाही लावलं. बाजूचा माणूसही दुपारी गेला.

तुह्यावर राग नाही. राग येयाले जीव लागते, तो माह्यात राह्यला नाही.

तुहे आठही जण पोचले. उतरल्याबरोबर रेणुकामावशीनं बाबाचंच विचारलं. बरे हायेत, म्हटलं मी.

रडशीन तर दाराले कडी लावून रड. मावशीच्या घरच्यायपर्यंत आवाज जाते, मंग दम लागलेलाही कोणी गाडीत बसणार नाही.

तरीबी माया राहू दे.
तुही दीपमाला