मालक किती होते?

सोमवार, ६ ऑक्टोबर

मराठी ऑडिओ गाईड रविवारी, एकोणीस तारखेला सुरू होणार. पक्कं. वेराबाईंनी सकाळी फोनवर सांगितलं. म्हणजे मजकूर शुक्रवारपर्यंत, रेकॉर्डिंग शनिवारी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. डेडलाइन या डच गावापर्यंत, फोरबर्गपर्यंत, माग काढत येईल असं वाटलं नव्हतं.

सगळं कुमुदिनीचं काम. बहिणीकडे तीन महिने आराम करायला आलो, तर तिने पोहण्याच्या तलावावरच्या मैत्रिणीला परस्पर सांगून टाकलं – 'माझा भाऊ पेपरात होता, तो लिहील.' मैत्रीण म्हणजे वेराबाई. मूळच्या सुरिनामच्या, इथल्या एका जुन्या घराच्या संग्रहालयात गाईड.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

घर पाहून आलो. कालव्याकाठी, देखणं, मागे पेअरची झाडं. अडीचशे वर्षांपूर्वी सुरिनाम या डच वसाहतीतल्या उसाच्या मळ्याच्या पैशावर उभं राहिलेलं. मळ्यात गुलाम राबायचे, मालक इथे बसून पत्रं लिहायचा.

पाचवा थांबा स्वयंपाकघर. मळ्यावरून आणलेली अफीबा इथे बावीस वर्षं रांधत होती. तिची मुलगी तिकडेच राहिली. वेराबाई इथे जरा घाईने बोलल्या. सहा वर्षं तेच तेच सांगून कंटाळल्या असतील.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मजकूर संपला. एक दिवस आधी!

शनिवार, ११ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग झालं नाही.

आवाज ऋजुताचा – कुमुदिनीची लेक. इथेच वाढलेली, झुइडास या ऑफिसांच्या भागात बँकेत. मराठी बोलते, पण जपून. चार थांबे छान वाचले. पाचव्यावर अडली.

"मामा, मालक किती होते?"

"एक."

"पण 'मालक जेवायला बसत, ते फार चिडत'. मला वाटलं दोन भाऊ."

"अगं, ते आदरार्थी आहे."

"ओके. मग अफीबा 'ती' का? तिला आदर नाही?"

कुमुदिनी चहा गाळत होती. म्हणाली, "गणपतीला आपण 'तो' म्हणतो, आणि हा ऊसवाला 'ते'. चाळीस वर्षं पेपरात काय केलंस रे दादा?"

मी ठरवून काही केलंच नव्हतं. हात आपोआप गेला. सभेच्या बातमीत अध्यक्ष 'म्हणाले' आणि सफाई कामगार 'म्हणाला', तसाच.

रविवार, १२ ऑक्टोबर

अफीबा आता 'त्या'. एका शब्दासाठी सतरा क्रियापदं हलली. मालकाचं काय करायचं, यावर तासभर गेला. दोघांना सारखंच वागवावं, हा जुना संपादकीय हट्ट, कधी न पाळलेला. शेवटी हट्ट सोडून त्याला 'तो' केलं. गणपतीच्या पंक्तीत बसवलंय, तक्रारीला जागा नाही.

उशीर का झाला ते सांगायला वेराबाईंना फोन केला. 'तो' आणि 'ते' इंग्रजीत समजावल्यावर दोन भावांवर त्या खूप हसल्या. मग विचारलं, "आता तिला काय म्हणता?"

"त्या."

"पुन्हा म्हणा."

म्हटलं. त्यांनी स्वतः दोनदा म्हणून पाहिलं. 'त'ला 'य' जोडताना जीभ वळेना. मग सांगितलं, डच पाटीवरही तसंच आहे – मालकाच्या नावाआधी 'हेर', म्हणजे श्रीयुत, अफीबाचं नुसतं नाव. बोलतील म्हणे वरच्यांशी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

झालं रेकॉर्डिंग. 'त्या' म्हणताना ऋजुता किंचित थांबते. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच. कुमुदिनीने संग्रहालयातल्या लोकांसाठी चकल्या तळल्या. निम्म्या आम्हीच खाल्ल्या.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

वेराबाईंचा फोन. रविवारी अकरा वाजता त्या आपल्या आईंना घेऊन येणार. वय एक्क्याण्णव, मराठीचा गंध नाही. फक्त पाचवा थांबा ऐकायचाय. ती तिकडे राहिलेली मुलगी – आईंचं घराणं तिच्यापासून सुरू होतं. संग्रहालयात हे सहा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणाल्या.

आईंनी विचारलंय, तो शब्द – 'त्या' – कितव्या मिनिटाला येतो. ऋजुता घड्याळ लावून बसली आहे.