धनीरामजींचा खोल तलाव

मु. टोली, आसगावजवळ
माघ, सन १९८६

चिरंजीव भैय्याजीस मनिरामदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही जिवंत आहोत. तुम्ही सर्व शहापूरला सुखरूप असाल. तुझ्या गुडघ्याला आराम पडला का? माझे दोन्ही गुडघे ठीक आहेत, पण सध्या साऱ्या जिल्ह्यात त्यांचीच चर्चा आहे. ती कशी, ते सांगतो. (पत्र वाचून चुलीत टाक.)

आपल्या उषाला पाहायला पवनीकडचे पाहुणे येणार होते. मुलगा इथले पुढारी धनीरामजी यांचा सख्खा भाचा. त्या दिवशी दारात मोटारसायकलवरून दोघे उतरले. एकाच्या खांद्याला झोळी, दुसऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. मी समजलो, आजकाल मुलीचा फोटो काढून नेत असतील. पाय धुवायला पाणी दिले, उषाच्या हातचे पोहे दिले. (दारात आलेल्याला तुम्ही कोण, असे विचारायची आपल्यात रीत नाही. पाहुणा पाणी पिऊन स्वतःच सांगतो. हे सांगेचनात.) झोळीवाल्याने पोहे पुन्हा मागून घेतले आणि तलावाचे विचारू लागला. मुलाच्या मामाची थोडी स्तुती करावी म्हणून मी म्हणालो, धनीरामजींसारखा हुशार माणूस या भागात झाला नाही. तलाव खोल करायची मंजुरी आली, तर एक टोपली गाळ न काढता त्यांनी तो खोल केला, आणि त्याच तलावातून त्यांच्या घरी जीप निघाली! झोळीवाला भराभर लिहीत होता. मला वाटले, पत्रिकेचे काही असेल.

ते नागपूरच्या वर्तमानपत्राचे निघाले. माझे शब्द जसेच्या तसे छापले, वर पोह्याची बशी घेतलेला माझा फोटो. खरे पाहुणे आलेच नाहीत. आले ते धनीरामजी, चार माणसे घेऊन.

"काहून गा मनिराम, मले जीप तलावात घावली काय?"

"नाही जी, मी तं तुमची तारीफच करून राहिलो होतो!"

"आता टीव्हीवाले येऊन राहिले. त्यायले सांग, तलावात हत्ती बुडते. मंग पोरगी आमची. नाहीतं या तलावात तुले जाळं कोन टाकू देते, थे पाहतो."

माणसे ओट्यावरच बसवून गेले. भैय्याजी, एकीकडे पोरीचे लग्न, दुसरीकडे पोटाचे जाळे.

टीव्हीवाले आले, सोबत तो झोळीवाला. मी त्यांना डोंग्यातून तलावाच्या मधोमध नेले. काठच्या पाळीवर धनीरामजी हात जोडून उभे. मी कॅमेऱ्याकडे पाहून मोठ्याने म्हणालो, "साहेब, इथं हत्ती बुडते!" तेवढ्यात डोंगा गाळात रुतला. डोंगा रुतला की उतरून ढकलायचा, ही जन्माची सवय. बोलता बोलता मी उतरलो आणि "लय खोल हाये जी" म्हणत ढकलू लागलो. पाणी गुडघ्याच्या खाली. धोतरसुद्धा भिजले नाही. पाळीवरून कोणीतरी ओरडले, "मनिरामबुवा, हत्ती कुठं हाये गा?" कॅमेरा बराच वेळ माझ्या गुडघ्यांवर थांबला आणि मग हळूच धनीरामजींकडे वळला.

ते टीव्हीवर लागले, तू पाहिलेच असशील. आता चौकशी लागली आहे, जीप दिसत नाही. भाच्याकडून सोयरीक मोडल्याचा निरोप आला. ओट्यावरची माणसे मात्र अजून येऊन बसतात. नुसत्या बिड्या ओढतात. जाळे घेऊन निघालो की पाठीवर त्यांची नजर जाणवते. तुझी वहिनी सखाबाई म्हणते, तोंड बंद ठेवता येत नव्हते तर पाय तरी डोंग्यात ठेवायचे होते. या वर्तमानपत्रवाल्यांचे तोंड मी या जन्मी पाहणार नाही.

तुझा दादा,
मनिराम

ता. क. तो झोळीवाला तुमच्या शहापूरचाच, आणि आपल्यातलाच, असे ऐकतो. लग्न झाले आहे काय, हळूच विचारून कळव. पोहे पुन्हा मागून घेतले होते, हे वर लिहिलेच आहे.

आणखी ता. क. उषाला यातले काही बोललो नाही. पण काल तो परत आला. ओट्यावरच्या माणसांना रामराम घालून सरळ आत आला आणि म्हणाला, तलाव पाहायचा आहे. भैय्याजी, तलाव तर आता साऱ्या जिल्ह्याने पाहिला आहे.