मीडियनच्या आसपास

५ ऑक्टोबर, शनिवार
एलसॅटचा, म्हणजे इथल्या लॉच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर आला. १६२. मला हव्या त्या लॉ स्कूलचा मीडियन १६४. ग्रेड्ससुद्धा मीडियनच्या जराशा खाली. चित्राला वाटलं, नवरा खचला. तिला समजावलं, मीडियन म्हणजे ॲडमिशन मिळालेली निम्मी मुलं त्याच्या खालीच असतात. थोडक्यात, निम्म्या जागा आमच्यासारख्यांसाठीच. ती बरं म्हणाली आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.
चव्वेचाळिसाव्या वर्षी सॉफ्टवेअरला रामराम. ॲडमिशन होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.

६ ऑक्टोबर
इथल्या मराठी मंडळाच्या भोंडल्यात सहा-सात जणांनाच सांगितलं. नंदूने लगेच 'या वकीलसाहेब' सुरू केलं. अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात सलोनी आली. ही माझ्याच टीममधली, इथेच हॅमिल्टनला वाढलेली, सव्वीस वर्षांची. ऑफिसात मला उन्मेष म्हणते, मंडळात काका. म्हणाली, 'काका, सो फनी, मी पण तिथेच अप्लाय करतेय!' स्कोअर विचारला. १६३.
खिरापत न खाताच घरी आलो.

७ ऑक्टोबर
एका मार्काने काय होतं? एखादा तुक्का लागला असेल तिचा. हे केयाला समजावून सांगितलं. कन्या म्हणाली, 'डॅड, शी इज स्टिल अहेड ऑफ यू.' इथल्या शाळांत मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकवतच नाहीत.
मला सलोनीचा हेवा वाटत नाही. मुद्दाम लिहून ठेवतोय.

१२ ऑक्टोबर, दसरा
मुहूर्तावर फॉर्म उघडला. वयामुळे माझी कॅटेगरी 'मॅच्युअर'. चित्राला दाखवलं. बराच वेळ हसत होती.
रेफरन्स लेटर जुने बॉस देवदत्त सर देणार. एटोबिकोला जाऊन भेटलो. म्हणाले, तूच ड्राफ्ट कर, मी जसंच्या तसं अपलोड करतो. शेवटी आपली माणसं ती आपली माणसं! कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांनी दिलेलं कॅरेक्टर सर्टिफिकेट समोर ठेवून लिहिलं. सिन्सिअर, ओबीडियंट, हार्डवर्किंग. वरिष्ठांना आजवर एकदाही उलट उत्तर नाही. सांगितलेलं सगळं मुकाट्यानं करतो. वाचून माझाच ऊर भरून आला.

२१ ऑक्टोबर
हद्द झाली. सलोनीला रेफरन्स हवाय, माझ्याकडून! मॅनेजर म्हणून. मी म्हटलं, अगं पण मीसुद्धा त्याच स्कूलला... तर म्हणे, 'सो व्हॉट, काका?' म्हणजे ही मला स्पर्धेत धरतच नाही. हो म्हणालो. नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं, पण राहून गेलं.

२७ ऑक्टोबर
लिहिलं. एकही शब्द खोटा नाही. सूडबिड माझ्या स्वभावात नाही. 'ही मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालते. लेखी दाखवल्याशिवाय काहीही मानत नाही. मी मंजूर केलेल्या काँट्रॅक्टमधलं एक कलम शोधून तिने भर मीटिंगमध्ये मला खोटं पाडलं. समोर कोण बसलंय याची तिला पर्वा नसते.' अपलोड. अशा भांडकुदळ मुलीला कोण घेतंय?
मन हलकं झालं. खूप दिवसांनी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

१४ डिसेंबर
ऑफर्स यायला लागल्या. ऑनलाइन फोरमवर लोक आपापले स्कोअर टाकतात. त्यात १६१ वाला एक सापडला! दुपारभर हवेत. मग खाली वाचलं, तो रोइंगच्या नॅशनल टीममध्ये आहे. चित्राने विचारलं, रोइंगचा क्लास लावायचा का. 

१० फेब्रुवारी
काहीच नाही. ईमेल उघडून उघडून बोट दुखतंय. सलोनी मात्र मजेत, लंचला स्केटिंगच्या गप्पा. बघवत नाही. जळतो मी तिच्यावर. घ्या, लिहिलं. तिच्या वयावर जळतो, तिच्या ॲक्सेंटवर जळतो, त्या एका मार्कावर तर सर्वांत जास्त.
भरवसा आता लेटर्सवर. दोन्ही.

४ मार्च
सलोनी पेढे घेऊन केबिनमध्ये. ॲडमिशन झाली. ॲडमिशनच्या बाईंनी स्वतः फोन केला होता. म्हणाल्या, मीडियनच्या आसपासचे ढीगभर येतात, त्यांतून निवडताना आम्ही लेटर्स नीट वाचतो. आणि तुझ्या मॅनेजरने लिहिलंय तसं लेटर बऱ्याच वर्षांत वाचलं नाही. वाद घालणारी, लेखी मागणारी, कुणाला न घाबरणारी. असेच लोक तर आम्हाला हवे असतात.
सलोनीच्या डोळ्यांत पाणी. 'काका, यू गॉट मी इन.' आणि भर ऑफिसात वाकून नमस्कार. काचेपलीकडून सगळी टीम बघत होती.
आयुष्मती भव म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

५ मार्च
माझंही उत्तर आलं. रिग्रेट.
चित्राने देवदत्त सरांच्या नावाचं लेटर वाचायला मागितलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, 'अरे, हे वकिलाचं कुठंय? हे घरजावयाचं सर्टिफिकेट आहे.'

६ मार्च
हरकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अप्लाय करणार. तोवर स्वभाव बदलायचा. आजपासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, कुणाचंही मुकाट्यानं ऐकायचं नाही.
संध्याकाळी नंदूचा फोन. मंडळ सलोनीचा सत्कार करतंय. काकांनीच तिला ॲडमिशन मिळवून दिली असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे, तेव्हा मानपत्र मीच लिहायचं आणि स्टेजवर मीच वाचायचं. ठाम नकार द्यायचा, हे मनाशी पक्कं केलं.
मानपत्र शनिवारपर्यंत हवंय. जरा मोठ्या अक्षरांत, म्हणाला.