बेटावरच्या सात वस्त्या

१ जानेवारी, गुरुवार
निर्णय झाला. ३१ मेला रिटायर, १ जूनला बेटावर. गावाचं नाव इथेही लिहीत नाही. ही वही कोणाच्या हाती लागली तर तिथले भाव वाढायचे. ‘बेट’ एवढं पुरे.
गावात सात वस्त्या. त्यातली एक निवडायची आणि घर घ्यायचं. घाई करायची नाही. लोक घाईत घर घेतात आणि मग जन्मभर कुरकुरत बसतात.
अलकाला सांगितलं. ती मटार सोलत होती. काही म्हणाली नाही. म्हणजे बायकोची संमती आहे.

४ जानेवारी, रविवार
तक्ता तयार. सात वस्त्या, अकरा कसोट्या. पाणी, वारा, चढ, दवाखाना, सुक्या मासळीचा वास वगैरे. प्रत्येकीला दहापैकी मार्क. ऑफिसातल्या दिलीपला फोटो पाठवला. त्याने विचारलं की एकदा तिथे जाऊन का येत नाहीस. तीस वर्षं विमा कंपनीत काढून माणूस असं बोलतो! जाऊन बघितलं की मन गुंततं आणि निवड चुकते. मी कागदावरच निवडणार.
दुसरा संकल्प: पोहायला शिकणे. फेब्रुवारीपर्यंत.

११ जानेवारी, रविवार
महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एका माणसाचा नंबर मिळाला. श्यामराव. मूळचे साताऱ्याचे, बेटावर शाळामास्तर होते, आता रिटायर होऊन तिथेच. फोन केला. जेटी रोड या वस्तीबद्दल दहा मिनिटं बोलले. भला माणूस. मग त्यांनी विचारलं, तुमचं कोलकात्यातलं बेहाला कसं काय आहे. सौजन्य म्हणून सांगितलं. अर्धा तास.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी घरमालक सलीलबाबू वरच्या मजल्यावरून आले. मुलाकडे बंगलोरला जाणार कायमचे. आम्ही सहा वर्षं भाड्याने राहतो तो हा फ्लॅट विकायचा आहे. म्हणाले, पहिला मान तुमचा. पोयला बोईशाखपर्यंत, म्हणजे त्यांच्या नववर्षापर्यंत, ते दुसऱ्या कोणाला शब्द देणार नाहीत. किंमतही माणुसकीची सांगितली. मी हसून आभार मानले.
ते गेल्यावर अलका म्हणाली की हेच घर घेऊ. बाजार पायाखालचा आहे, शेजारपाजार आपला झालाय, यामिनी आणि जावई न्यू टाउनला आहेत. मला इथून हलायचं नाही, असंही म्हणाली. एका दमात एवढं ती कधी बोलत नाही. बीपी तपासायला हवं.

८ फेब्रुवारी, रविवार
श्यामरावांना सहावा फोन. दीपगृह टेकडीला वारा उत्तम. ते स्वतः तिथेच राहतात. चढ फार आहे, त्यांच्या मिसेस, सुधावहिनी, अर्ध्या वाटेत बसतात, म्हणाले. वाऱ्याला नऊ मार्क दिले, चढाला तीन. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे लिफ्ट आहे का, डॉक्टर किती लांब, मेट्रो किती लांब. जिज्ञासू आहेत. फ्लॅट विकायला आहे, हेही बोलता बोलता सांगितलं. सुधावहिनींना बघायचंय म्हणून घराचे फोटो मागितले. चौदा पाठवले. स्वयंपाकघराचा काढताना अलकाने विचारलं, हे कशाला. अभ्यासाचा भाग आहे, म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
तरणतलावावर गेलो. क्लोरीन फार. समुद्रात क्लोरीन नसतं. तिथेच शिकू.

७ मार्च, शनिवार
बेरीज केली. दीपगृह टेकडी ७८. शाळा लाइन ७८. एकशे दहापैकी. म्हणजे टाय. बारावी कसोटी शोधावी लागणार.
श्यामराव फोनवर आपणहून म्हणाले, विवेकराव, मग आमचंच घर घ्या ना टेकडीवरचं, आम्हाला काढायचंय. मी गहिवरलो नाही. अभ्यास अपुरा आहे, कळवतो, असं सांगितलं. पहिल्या ऑफरला हो म्हणणारा मी नव्हे.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा
गुढी उभारली. अलका म्हणाली, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे, आज वर जाऊन सलीलबाबूंना हो म्हणू या. मी म्हटलं, त्यांचा चैत्र चालू आहे, बंगाली लोक चैत्रात असली कामं करत नाहीत, त्यांच्या भावना जपायला नकोत का. ती म्हणाली की शब्द द्यायला चैत्र आडवा येत नाही. मी म्हटलं, बघू.
तिने श्रीखंड मला वाढलं, स्वतः घेतलं नाही. शुगरची काळजी घेते हल्ली. चांगलं आहे.

२९ मार्च, रविवार
श्यामरावांनी टेकडीवरचं घर विकलं. हैदराबादचं कोणी आलं, दोन तासांत बघून हो म्हणून गेलं. पंख्याकडे बघत बसलो. मग लक्षात आलं की टाय आपोआप सुटला. टेकडी बाद, शाळा लाइन पहिली.
श्यामरावांना विचारलं, आता तुम्ही कुठे जाणार. म्हणाले, डॉक्टर जवळ असेल, चढ नसेल, मराठी बोलायला दोन माणसं असतील, अशी जागा बघतोय. मी मनापासून शुभेच्छा दिल्या. त्यांनी सलीलबाबूंचा नंबर मागितला. दिला. कुणी चांगल्या माणसाची चौकशी केली तर नाही कशाला म्हणायचं.

१५ एप्रिल, बुधवार
पोयला बोईशाख. सलीलबाबू नवं धोतर नेसून संदेश मिठाईचा खोका घेऊन आले. घराचं काय ठरलं, विचारलं. मी तक्ता आणून शाळा लाइन समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अलकाकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी सलीलबाबूंना चहा घ्या म्हटलं. नको म्हणाले आणि वर गेले.
अलका म्हणाली की एक ‘हो’ म्हणायचं होतं तुम्ही. मी म्हटलं, कसोट्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. ती बाल्कनीत जाऊन बसली. संदेश छान होते. तीन खाल्ले. उद्यापासून गोड बंद.

२६ एप्रिल, रविवार
दुपारी बेल वाजली. दारात श्यामराव आणि सुधावहिनी. आवाजावरून ओळखलं. मला वाटलं कोलकाता बघायला आलेत.
त्यांनी हा फ्लॅट घेतला. परवा सगळं ठरलं.
म्हणाले, तुम्ही इतकं छान वर्णन केलंत की दुसरीकडे बघावंसंच वाटलं नाही. मी अभिनंदन केलं. हात पुढे केला.
अलकाने त्यांना घर दाखवलं. पाणी किती वाजता येतं, दुपारी कुठली खिडकी उघडी ठेवायची, पावसाळ्यात ओल कुठल्या भिंतीला येते, मासेवाला कितीला हाक मारतो. काही राखून ठेवलं नाही. सुधावहिनींनी तिचा हात धरला आणि दोघी बराच वेळ मोरीपाशी उभ्या राहिल्या.
श्यामरावांनी विचारलं, १ जूनला निघताय ना, जानेवारीत म्हणाला होतात, म्हणजे आम्ही २ तारखेला सामान आणू. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
जाता जाता शाळा लाइनचं विचारलं. तिथली सगळी घरं सरकारी क्वार्टर्स आहेत, विकत मिळत नाहीत, म्हणाले. इतके दिवस हे बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, तुम्ही वाऱ्याबद्दल विचारत होतात.

३ मे, रविवार
शाळा लाइन बाद. उरल्या पाच वस्त्या. तक्ता उघडला. पेन्सिलला टोक केलं. तक्ता मिटला.
यामिनीचा फोन आला. आईला दे, म्हणाली. माझ्याशी बोलली नाही. कामात असेल.

१० मे, रविवार
अलका दोन आठवडे कामापुरतं बोलते. जेवायला या. गॅस संपला. तिच्या गप्प बसण्याला मी आता संमती धरत नाही. मला तिची भीती वाटते. हे लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
गेलं नाही.

१७ मे, रविवार
अलका सकाळी सातला एकटीच बाहेर पडली. कोलकात्याबाहेर, बराकपूरला, भाड्याच्या जागा बघायला. मी येतो म्हटलं, शर्टही घातला होता. नको म्हणाली.
साडेअकराला तिचा फोन. जागा ठरली. आगाऊ पैसे देऊन टाकले. मी कितवा मजला विचारलं, दुसरा म्हणाली. पाणी, वारा, बाजार किती लांब, तेही विचारलं. राहायला गेल्यावर कळेल, म्हणाली.
मी म्हटलं, अगं, मला न दाखवताच?
ती रागावली नाही. साध्या आवाजात म्हणाली की दर बदलीला तुम्ही पुढे जाऊन घर ठरवायचात आणि मी मागून ट्रकबरोबर यायची. नऊ घरं झाली. त्यांतलं एक तरी मला आधी दाखवलंत का? मग, गाडी येतेय, ठेवते म्हणाली.
वहीच्या मागच्या पानावर घरं लिहून काढली. नांदेड, रायपूर दोनदा, भोपाळ, कटक, पुढची सगळी. बेहालाचं धरून नऊ भरतात.