जुमिस बांधायला दोघं लागतात

हॅमिल्टन, कॅनडा
२ जून १९९२

ती. झेल्माताईस,
धाकट्या विलिसचा शि. सा. न. वि. वि. (आपण जुळी असलो, तरी तू अर्ध्या तासाने मोठी. म्हणून हा मान!)

आप्पांचं सरकारने घेतलेलं शेत आपल्याला परत मिळालं हे वाचून डोळे भरून आले. पण कापणीला ये म्हणतेस, ते काही जमायचं नाही. गुडघे संपावर गेलेत. आणि येऊन भेटू कोणाला? तू सोडलीस तर आपली सगळी माणसं गावाबाहेर मातीत निजलीत.

एक काम कर. नात इंता इथल्या लाटवियन शाळेत जाते. तिने विचारलं, ‘जुमिस’ म्हणजे काय? कोशात दिलंय, एका काडीला आलेल्या दोन ओंब्या. एवढंच नव्हतं गं ते, पण पुढचं मला आठवेना. फार वाईट वाटलं.

लोभ तेवढाच ठेव, रागावू नकोस.
तुझा विलिस

रुयेना, लाटविया
२३ ऑगस्ट

चि. विलिस यास अ. आ.

विसरलास ना? जुळी ओंबी जुमिस, एका कवचातले दोन बदाम जुमिस, चिकटून वाढलेली सफरचंदंही जुमिस. शाळेतले मास्तर म्हणतात, मुळात अर्थ ‘जोडलेलं’ असावा, पण खात्रीने कोणी सांगत नाही. आणि जुमिस म्हणजे शेताची बरकत. कापणी होत आली की तो पळत पळत शेवटच्या ओंब्यांत लपतो. त्या कापायच्या नाहीत, गाठ मारून वर दगड ठेवायचा, म्हणजे बरकत शेतातच राहते. आणि गाढवा, आपण जन्मलो तेव्हा आप्पा गावभर सांगत सुटले होते, माझ्या घरी जुमिस आला!

परवा शेतातलं रायचं धान्य कापलं. शेजारचा गातिस यंत्र घेऊन सगळंच सपाट करायला निघाला होता. मी आडवी उभी राहिले. आजीबाई, डिझेल जळतंय, म्हणून कुरकुरला, पण थांबला.

खाली बसले, पण गाठ बसेना. आपल्याकडे एकाने एका बाजूने काड्या धरायच्या, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने बांधायचं. आधी आई-आप्पा, मग आपण. गातिस मदतीला आला, त्याला मी नको म्हटलं. ओंब्या तशाच उभ्या आहेत. कावळे टपलेत.

माया आहेच, ती काय मागायची.
झेल्मा

हॅमिल्टन
७ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

इंताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग आजोबा, तुम्ही इथे काय करताय?

लेकीने तिकीट काढलंय, या महिनाअखेरचं. तोवर कावळे हाकलत राहा. माझ्या बाजूच्या काड्या मी धरीन. मला उठवायला मात्र गातिसला थांबवून ठेव.

पत्रातला लोभ पुरे झाला, आता समोर बसून भांडू.
तुझा जुमिस