धुराड्याची झडप

बिश्केक, ३ नोव्हेंबर

सागिनबाय भाऊजींना,

सलाम. तुम्ही, जाऊबाई, सूनबाई मेरीम आणि नवा नातू खुशाल असाल. बाळाचा खोकला थांबला का? यंदाचा पहिला बर्फ पडून गेला.

गल्लीची खबर म्हणाल, तर काल तुर्दूआजींकडेही यंत्र बसलं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरभर सोडतं. राख नाही, काजळी नाही. म्हातारी मला म्हणते, "बुरुलाय, पायाला भिंगरी लावून दारोदार यंत्रं बसवत फिरतेस. कोळशाशी वैर आहे का गं तुझं?" म्हटलं, "कोळशाशी नाही, आजी."

तुमच्या वखारीतला कोळशाचा ढीग मागच्या हिवाळ्यातलाच आहे म्हणे. मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

परवा मेरीम आली होती, तुम्हाला चोरून. "काकी, बाळाला धूर सोसत नाही हो. आमच्याकडेही यंत्र बसवा. पण मामंजी तुमच्यापुढे तोंड उघडायला तयार नाहीत."

तोंड उघडणं तुम्हाला कधीपासून जड जायला लागलं? माझ्या पोरीच्या मयताला तर चांगलं उघडलं होतंत! "बुरुलायनं घाईत धुराड्याची झडप लावली न् गेली बाजारात." मयतासाठी उभारलेल्या तंबूत, भरल्या माणसांत म्हणालात.

झडप तुम्ही लावलीत. कुणाच्याही घरी बसलात की तुमची तीच खोड, निखारे धगधगत असतानाच झडप ओढायची. "ऊब आभाळाला कशाला वाटता?" त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे बसला होतात, नूरिला निजली होती. चुलीला हात लावू नका, असं सांगून मी गेले होते. तुम्ही चहा प्यालात, झडप लावलीत, दार ओढून निघून गेलात. निखाऱ्यांचा विषारी वायू आतच कोंडला. मी तिच्यासाठी सफरचंदं घेऊन आले. ती उठलीच नाही.

मग गोठ्यामागे मला गाठून काय म्हणालात, आठवतं? "हे कळलं तर माझा कोळसा कोण घेईल? तू आई आहेस, तुला लोक माफ करतील." लोकांनी केलंही असेल. तुमच्या भावानं, माझ्या नवऱ्यानं, नाही केलं. कुबात रशियाला गेला तो गेलाच. मी तेव्हा गप्प बसले, कारण तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार होतं?

आता ऐकतात. घरोघरी माझा शब्द चालतो.

घाबरू नका, तान्ह्या बाळाला वेठीला धरायला मी म्हणजे तुम्ही नव्हे. गुरुवारी कामगार यंत्र घेऊन तुमच्याकडे येतील. चूल काढली की सगळी गल्ली चहाला जमते, ठाऊक आहे ना? चहाबरोबर बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, मी तळून आणते. दर शुक्रवारी नूरिलाच्या नावानं तळतेच, या खेपेला एक दिवस आधी.

झडप मात्र तुम्ही स्वतः काढायची. ती हातात धरून सगळ्यांसमोर सांगायचं, त्या दिवशी ती कुणी लावली. नाही सांगितलंत तर मी सांगेन, तुमच्या नातवाला मांडीवर घेऊन. कोळशाला गिऱ्हाईक उरलेलं नाही, भाऊजी. आता कुणाला भ्यायचं?

गुरुवारी तुमच्या तोंडाकडे बघत बसणारी,
नूरिलाची आई